केसांचा कोट आणि ६९ शब्द : स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह दोन वर्षं वापरल्यावर

दोन वर्षांपूर्वी माझी एक फाईल परत आली. मी घरबसल्या ट्रान्सक्रिप्शन करते, म्हणजे इंग्लंडमधली माणसं बोलतात ते हेडफोन लावून टाइप करायचं, ऑडिओच्या मिनिटावर पैसे, आणि चूक निघाली की क्यूसीवाला, म्हणजे काम तपासणारा, लाल रंगाने रंगवून फाईल तोंडावर फेकतो. त्या फाईलमध्ये एक आजोबा होते, लिव्हरपूलच्या गोदीत आयुष्य काढलेले, लग्नाआधीची गोष्ट सांगत होते, पाऊस पडत होता आणि ह्यांनी तिचा कोट हातात धरला होता वगैरे. आणि मी टाइप केलं होतं, केसांचा कोट. हर कोट नाही, हेअर कोट. मला तसंच ऐकू आलं हो, तीनदा मागे घेऊन ऐकलं, स्पीड कमी करून ऐकलं, तिन्ही वेळा हेअर म्हणजे हेअरच. मी तर मनाची समजूतही काढलेली की असेल बुवा फरबिरचा कोट, थंडीचा देश आहे.

क्यूसीने शेरा मारला 'काळजीपूर्वक ऐका'. आता ह्याच्याइतका निरुपयोगी सल्ला दुसरा नसेल. मी काळजीपूर्वकच ऐकलं होतं, कान चुकला नव्हता, आजोबा खरंच हेअर म्हणत होते. लिव्हरपूलमध्ये हर आणि हेअर, फर आणि फेअर ह्या जोड्या एकाच स्वरात म्हणतात, नर्स ला नेअर्स म्हणतात, आणि हे ज्याला माहीत आहे त्याला तो कोट दोन सेकंदात कळतो. ज्याला माहीत नाही तो केस उपटत बसतो.

तर हा रिव्ह्यू त्या साइटचा, जिच्यामुळे मला हे कळलं. स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटी आहे, तिथले भाषाशास्त्राचे प्राध्यापक स्टीव्हन वाइनबर्गर ह्यांचा प्रकल्प. फुकट आहे, लॉगिन नाही, ओटीपी नाही, 'फक्त आजच्या दिवशी ४९९' नाही. जगभरातल्या माणसांकडून इंग्रजीतला एकच छोटा परिच्छेद वाचून घेतलाय, मोजून ६९ शब्द, आणि असे दोन हजारांच्या वर नमुने तिथे पडलेत. मजकूर अगदी बावळट आहे, कोणी स्टेला आहे तिला फोन करा, दुकानातून येताना सहा चमचे मटार आण म्हणावं, पाच जाड तुकडे चीज, भाऊ बॉबसाठी खाऊ, पोरांना प्लास्टिकचा साप आणि मोठा खेळण्यातला बेडूक, सगळं तीन लाल पिशव्यांत भर, बुधवारी स्टेशनवर भेटू. सासूबाईंना मी हे मराठीत सांगितलं तर म्हणाल्या, मटार कुणी चमच्याने मोजतं का.

पण हा बावळटपणा मुद्दामचा आहे आणि हे कळायला मला पंधरा दिवस लागले. प्रत्येक शब्द म्हणजे सापळा आहे. आपल्याकडे नाही का, माणूस कुठला हे कळायला त्याला डोळा किंवा शाळा म्हणायला लावतात, डोया, शाया म्हणाला की समजायचं जळगाव नाहीतर वऱ्हाडाच्या बाजूचा. आमच्या सासूबाई जळगावच्या, केळ्याला आजही केयं म्हणतात आणि पुण्यात चाळीस वर्षं काढूनही तो ळ काही त्यांच्या जिभेला वळला नाही (त्यांना वळवायचाही नाहीये, ते वेगळं). तसंच हे. स्टेलाच्या त्या यादीत आस्क हा शब्द आहे तो पहिला सापळा, ब्रदर दुसरा, स्टोअर तिसरा. ह्या तिघांवर तुम्ही माणसाला अर्ध्या नकाशाबाहेर काढू शकता.

जरा मागे जाते. ट्रान्सक्रिप्शनच्या आधी मी चार वर्षं कॉल सेंटरमध्ये यूके प्रोसेसला, म्हणजे ब्रिटनमधल्या लोकांच्या फोनवर होते, कंपनीचं नाव सोडा. जॉइन झाल्यावर तीन आठवडे व्हॉइस अँड ॲक्सेंटचं ट्रेनिंग. व्ही म्हणताना खालचा ओठ दाताखाली, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू, हातात आरसा घेऊन व्हेरी वेल, व्हेरी वेल, शंभर वेळा. कुणाचा एमटीआय, म्हणजे इंग्रजीवर मातृभाषेची छाप, किती ह्याची शीट भिंतीवर लावायचे. सगळा भर आपण कसं बोलायचं ह्यावर, समोरचा कसा बोलेल ह्यावर एक तासही नाही. बातम्या देणाऱ्या बाईची एक क्लिप लावली, म्हणाले हा ब्रिटिश ॲक्सेंट. फ्लोअरवर गेल्यावर माझा पहिला कॉल ग्लासगोचा. मी सहा वेळा पार्डन म्हटलं, सातव्यांदा त्या बाईंनीच फोन ठेवला. तेव्हा वाटलं माझं इंग्लिशच कच्चं आहे. आता कळतं की इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ती क्लिपवाल्या बाईसारखं बोलणारी माणसं मूठभर असतात, बाकी सगळे कुठल्या ना कुठल्या गावचे असतात, आणि गाव शब्दाशब्दाला बाहेर येतं.

आता साइट कशी वापरायची. भाषेप्रमाणे यादी आहे, नकाशाप्रमाणे आहे, आणि शोधायची सोयही आहे. कुठल्याही नमुन्यावर क्लिक केलं की अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेरचा ऑडिओ, त्याच्या शेजारी त्या माणसाची कुंडली, जन्मगाव कुठलं, घरची भाषा कुठली, आणखी कुठल्या भाषा येतात, वय काय, इंग्रजी कितव्या वर्षी शिकला, शाळेत शिकला की लोकांत राहून शिकला, इंग्रजीच्या देशात किती वर्षं काढली. नाव नाही, फक्त भाषा आणि नंबर. बऱ्याच नमुन्यांखाली उच्चार आयपीए ह्या आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीत लिहून दिलेला असतो, म्हणजे ते उलटे ई, शेपटीवाले एन आणि ठिपका हरवलेलं प्रश्नचिन्ह. ते बघून पळून जाऊ नका. सुरुवातीला मीही गेले होते. आणि कुठे काय वेगळं झालंय ह्याचीही यादी मिळते, शेवटचं व्यंजन अघोष झालं (ग चा क), स्वर वर सरकला, र खाल्ला असं. इंग्रजी मातृभाषा असलेलेही शेकड्याने आहेत, डब्लिन, ऑकलंड, टेक्सस, लंडन सगळीकडचे, आणि माझ्या कामाचे तेच.

माझी पद्धत सांगते, बरोबर असेलच असं नाही पण पैसे देते. पहिल्यांदा स्टोअर आणि हर मधला र ऐकायचा. र वाजला तर इंग्लंडचा बराच मोठा भाग बाद, उरतं स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडचा नैऋत्य कोपरा म्हणजे ब्रिस्टल-डेव्हनकडचा, ब्लॅकबर्नच्या आसपासचा लँकशायरचा छोटासा पट्टा, नाहीतर मग सरळ अमेरिका-कॅनडा. र नाही वाजला तर ब्रदर ऐकायचं. ब्रदर म्हणाला तर दक्षिणेचा, ब्रुदर म्हणाला तर उत्तरेचा किंवा मधल्या मिडलँड्सचा, तिकडे बस ला बुस आणि कप ला कुप म्हणतात. मग आस्क. लंडनवाला आऽस्क म्हणतो, घशातून, लांबलचक. अमेरिकन ॲस्क म्हणतो. आणि यॉर्कशायर-लँकशायरवाला ह्या दोन्हीच्या मधलं काहीतरी म्हणतो, ज्याला देवनागरीत अक्षर नाही, म्हणजे आपला आ घ्यायचा आणि कात्रीने अर्धा कापायचा. हा कापलेला आ एकदा कानात बसला की बसला. आपल्याला एक फायदा आहे बरं का, आपण बॅट, बॉल लिहायला ॲ आणि ऑ कधीच घेऊन ठेवलेत, त्यामुळे हे स्वर वेगळे असतात हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. हिंदीत बैट लिहितात.

पुढची मजा शब्दांच्या शेवटी आहे. थिक, स्नॅक, स्नेक, प्लास्टिक, त्या ६९ शब्दांत क ने संपणारे शब्द मुद्दाम पेरलेत की काय असं वाटतं. लिव्हरपूलवाला तो क नीट बंद करत नाही, घशात घासतो, स्नॅख़ असा, उर्दूतला ख़त मधला ख़ असतो तसा. एकदा ऐकलात की आयुष्यभर ओळखाल. मग ब्रिंग आणि थिंग्ज. लंडनचा माणूस ब्रिंग मधला ग म्हणतच नाही, नाकात सोडून देतो. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल हे मात्र ग ठासून म्हणतात, ब्रिंग्ग. आता गंमत बघा, आपण अख्खा भारत ब्रिंग मधला ग ठासूनच म्हणतो आणि तेवढ्यासाठी ट्रेनिंगमध्ये माझे मार्क कापले होते! बर्मिंगहॅमच्या माणसाला घ्या म्हणावं ट्रेनिंगला.

ओ आणि ए चंही तसंच. स्नो, गो, स्नेक, ट्रेन हे शब्द आपण सरळ म्हणतो, एक स्वर, सुरू तिथेच संपला. स्कॉटलंड, यॉर्कशायर, वेल्सचे बरेच जणही तसेच म्हणतात, आणि मला पहिल्यांदा ते ऐकून चक्क घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. दक्षिण इंग्लंडमध्ये मात्र स्वर वाटेत वळण घेतो, स्नअउ, आणि लंडनच्या पूर्वेकडे स्नेक चा स्नाइक होतो. पण थांबा, स्नाइक ऑस्ट्रेलियनही म्हणतो, ट्राइन स्टाइशन. मग दोघांत फरक कसा करायचा? इथे कॉल आणि स्मॉल कामाला येतात, लंडनवाला ल गिळून कॉव, स्मॉव म्हणतो. थ्री रेड बॅग्ज चं फ्री रेड बॅग्ज करतो, ब्रदर चं ब्रव्ह. टॉय मधला ट सुद्धा जरा भिजलेला, आपल्या चोर मधला च असतो ना, चार मधला नव्हे, चोर मधला, तिकडे झुकलेला. हे दोन च आपल्याकडे आहेत म्हणून हा फरक पकडायला मला अजिबात त्रास झाला नाही, माझ्याबरोबर काम करणारी लखनौची मुलगी मात्र अजून म्हणते तुला भास होतात.

न्यूझीलंड सगळ्यात सोपं. सिक्स चं सक्स, किड्स चं कड्स, बिग चं बग आणि रेड चं रिड. पाच सेकंदांत हात वर. अमेरिकेच्या दक्षिणेचंही सोपं आहे, फाइव्ह चं फाऽव्ह होतं आणि वेन्झडे चं विन्झडे, कारण तिकडे न च्या आधीचे ए आणि इ एकच होऊन जातात, पेन आणि पिन ऐकून वेगळे करता येत नाहीत. आयरिश थ तर आपलाच म्हणायचा, थिक म्हणताना जीभ वरच्या दाताला टेकवतात आणि तिक असं काहीसं येतं, फक्त आपण त्यात ह फुंकतो, ते नाही फुंकत. आणि फिल्म ला ते फिलम म्हणतात. आमच्या गावातल्या टुरिंग टॉकीजवाल्याने फिलिम म्हटलं की आम्ही हसायचो, आता कुणाला हसायचं ते ठरवा.

ग्लासगोबद्दल एक सांगायलाच पाहिजे. तिथले बरेच लोक गप्पांच्या ओघात थ च्या जागी नुसता ह टाकतात. म्हणजे थिंग चं हिंग. पहिल्या फाईलमध्ये मला एवरीहिंग ऐकू आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. पण हे अर्काइव्हमध्ये सापडेलच असं नाही, आणि इथून माझ्या तक्रारी सुरू.

पहिली आणि सगळ्यात मोठी, हे सगळं वाचून दाखवलेलं आहे. समोर कागद आणि माइक ठेवला की माणूस शाळेत उभा राहिल्यासारखा वाचतो. सासूबाईसुद्धा वाचताना डोळा म्हणतात, अडखळत का होईना, आणि पुस्तक मिटलं की डोया. त्यामुळे अर्काइव्हमध्ये जो आवाज भेटतो तो इस्त्री केलेला, आणि माझ्या फाईलमध्ये येतात ते चुरगळलेले. वाक्यं एकमेकांत घुसलेली, अर्धे शब्द गिळलेले, मागे किटली वाजतेय.

दुसरी तक्रार जरा बारीक आहे पण मला वाटतं महत्त्वाची. मी एकदा बसून त्या ६९ शब्दांची स्वरांप्रमाणे वाटणी केली, वहीत, रकाने आखून. तर त्यात हाउस, नाउ, अबाउट मधला आउ स्वर एकदाही नाही! म्हणजे कॅनडावाल्याला ज्याच्यावरून ओळखतात तो अबाउट नाही, बेलफास्टवाला नाउ चं जे नाइ च्या जवळ नेऊन ठेवतो ते नाही, न्यूकॅसलच्या जुन्या माणसांचं टाउन चं टून नाही. फेअर-हेअर वाला स्वर नाही, त्यामुळे माझ्या कोटाचा अर्धाच उलगडा इथे होतो, हर चं हेअ ऐकू येतं चार वेळा पण जोडीला खरंखुरं हेअर नाही तुलना करायला. कार-पार्क मधला आर नाही. पुल (ओढणं) आणि पूल (पोहायचा) स्कॉटलंडमध्ये एकसारखे म्हणतात, त्यातला स्कूप वाला ऊ आहे, पण पुल वाला आखूड उ नाही, म्हणजे जोडी लागत नाही. आणि वॉटर, बॉटल सारखा दोन स्वरांच्या मधे अडकलेला ट नाही, ज्याच्यावर निम्मं जग ओळखता येतं, अमेरिकन वॉडर म्हणतो, लंडन आणि ग्लासगोवाला मधे घसा बंद करून वॉ-अ म्हणतो. त्यातल्या त्यात शेवटच्या मीट हर मध्ये थोडं हाताला लागतं, ह खाल्ला तर ट उघडा पडतो. पण एवढ्या एका जागेवर किती भार टाकणार. तसंच ब्रदर हा एकच शब्द उत्तर-दक्षिण ठरवायला, तो जर वाचणाऱ्याने घाईत उरकला तर झालं.

हे उणं भरून काढायला मी दुसरी एक साइट ठेवलीये, इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश अर्काइव्ह, सगळे आयडिया म्हणतात (सिमकार्डवाली नव्हे). १९९८ मध्ये पॉल मायर ह्यांनी सुरू केली, मूळ हेतू नटांना बोली शिकता याव्यात. तिथला परिच्छेद बराच मोठा आहे, कॉमा नावाच्या आजारी गूज पक्ष्याची आणि एका पशुवैद्यक नर्सची गोष्ट, आणि तो लिहितानाच जॉन वेल्स ह्या इंग्लिश ध्वनिशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये पाडलेले स्वरांचे शब्दगट, म्हणजे एकेका स्वराच्या शब्दांचा एकेक गट, आले पाहिजेत असा बेत केलेला. त्यामुळे आउ-बिउ सगळे हजर. आणि मुख्य म्हणजे वाचून झाल्यावर तो माणूस आपल्या मनाने चार मिनिटं बोलतो, लहानपण, नोकरी, गावचा पाऊस. इस्त्री मोडते ती तिथे. मग मी दोन्ही का वापरते? कारण स्टेला छोटी आहे. वीस माणसं वीस मिनिटांत ऐकून होतात, एका पाठोपाठ एक, तेच शब्द, त्याच जागा, आणि एकच शब्द वीस तोंडांतून ऐकला की कान जो तयार होतो तो गोष्टी ऐकून होत नाही. गूजची गोष्ट वीसदा ऐकायला माझ्याकडे वेळ नाही आणि खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा ऐकताना मला त्या पक्ष्याचा राग यायला लागतो.

आता एवढं सगळं कळल्यावर माणसाला वाटायला लागतं आपण शेरलॉक. मलाही वाटलं होतं. क्लायंटला मेल टाकलेला की हा स्पीकर नक्की न्यूकॅसलचा, तर तो निघाला सण्डरलंडचा, वीसेक किलोमीटरचा फरक, पण तिकडच्या माणसाला तसं म्हणून बघा, कोल्हापूरकराला सांगलीचा म्हटल्यासारखं होतं. आणि हे सण्डरलंड म्हणजे ह्या विद्येची पंढरीच आहे. १९७९ मध्ये यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून करणाऱ्या माणसाच्या मागे पोलीस होते तेव्हा त्यांना एक टेप आली, मीच तो खुनी म्हणून. लीड्स विद्यापीठाचे स्टॅन्ली एलिस ह्यांना ती ऐकवली. हे साधे गृहस्थ नव्हते, १९५० ते १९६१ मध्ये इंग्लंडभर ३१३ ठिकाणी जाऊन म्हाताऱ्या खेडूतांची बोली उतरवून घेण्याचं जे काम हॅरल्ड ऑर्टन ह्यांनी काढलं होतं त्यातले ते गावोगाव फिरलेले. त्यांनी आणि जॅक विंडसर लुइस ह्यांनी टेप ऐकून सांगितलं, सण्डरलंड, त्यातही कॅसलटाउन भाग. नुसत्या उच्चारांवरून. आणि पोलिसांनी मग काय केलं, ज्याचा ॲक्सेंट तिकडचा नाही त्याला संशयातून बाजूला करत गेले. खरा खुनी ब्रॅडफर्डचा होता, पोलिसांनी त्याला अनेकदा विचारपूस करून सोडलेलं, टेप आल्यानंतर आणखी तीन बायका गेल्या आणि तो १९८१ च्या जानेवारीत सापडला. टेप कुणा भलत्याच माणसाची थाप होती. तो थापाड्या डीएनएवरून २००५ मध्ये पकडला, आणि राहायला कुठे, तर सण्डरलंडलाच, कॅसलटाउनपासून मैलभराच्या अंतरावर.

म्हणजे कान शंभर टक्के बरोबर होता. आवाज कुठला हे ऐकून सांगता येतं, तो खरं बोलतोय का हे नाही. मी हे वाचलं त्या रात्री माझ्या मेलमधला 'नक्की' शब्द जाऊन काढता आला असता तर काढला असता.

अर्काइव्हमधले मराठी नमुने मी बरेच दिवस ऐकायचं टाळलं, का कोण जाणे. मग एका रविवारी ऐकले आणि मग स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून तोच परिच्छेद वाचला. अरे देवा. वुई विल चं वी विल, वेन्झडे आणि फाइव्ह दोन्हीकडे एकच व, आपला, ना दाताखाली ओठ ना चंबू. तीन आठवडे आरशात बघून केलेलं व्हेरी वेल कुठे गेलं कुणास ठाऊक. स्पून्स, बॅग्ज, पीज ह्यांच्या शेवटी झ हवा तिथे मी स्पेलिंग बघून स केलेला. प्लीज आणि पीज मधला प मी कोरडा म्हणते, इंग्रज त्यात हवा फुंकतात, म्हणून त्यांना माझे पीज हे बीज वाटू शकतात, म्हणजे सहा चमचे मधमाश्या. ट आणि ड जीभ मागे वळवून. हे सगळं ट्रेनिंगमध्ये चुका म्हणून शिकवलेलं, इथे मात्र त्यांची नोंद ग्लासगोच्या आणि टेक्ससच्या उच्चारांची होते तशीच होते, हे असं आहे, इतकंच, लाल शाई नाही. मला ते फार आवडलं. स्टेलाला फोन करणारी पोलंडची आजी आणि लंडनचा पोरगा एकाच रांगेत उभे.

वैताग आणणाऱ्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगून टाकते. साइटचं रूपडं जुनं आहे, सायबर कॅफेच्या जमान्यातलं वाटतं. रेकॉर्डिंगचा दर्जा वरखाली, काही स्टुडिओतलं वाटतं काही न्हाणीघरातलं. आयपीए सगळ्या नमुन्यांना नाही. इंग्लंडच्या एकेका गावचे नमुने खूप नाहीत, मुळात प्रकल्प जगभरच्या इंग्रजीचा आहे, त्यामुळे लिव्हरपूल विरुद्ध त्याच्या शेजारचं गाव असला बारकावा हवा असेल तर इथे मिळणार नाही. एक माणूस म्हणजे अख्खं शहर नव्हे हेही लक्षात ठेवा, त्याची कुंडली वाचा, जन्म एकीकडे आणि वीस वर्षं दुसरीकडे असली की उच्चार मिसळतात, मी सुरुवातीला कुंडली न वाचताच ऐकत सुटले होते आणि दोन आठवडे चुकीचं शिकले.

पाचपैकी चार देईन. तो एक तारा आउ साठी कापला.

सुरुवात करणार असाल तर मोठ्या यादीत हरवू नका. एक लंडन, एक यॉर्कशायर, एक स्कॉटलंड, एक न्यूझीलंड एवढे चार निवडा आणि फक्त ब्रदर, आस्क, स्टोअर, सिक्स ह्या चार शब्दांवर कान ठेवा, बाकी सोडून द्या. आणि कृपा करून हेडफोन लावा, तेही बरे. फ आणि थ मधला फरक आवाजाच्या वरच्या पट्टीत असतो, स्वस्तातल्या स्पीकरला तो पेलवत नाही, आणि साध्या फोन लाइनवर तर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलंच जायचं. म्हणजे मी ज्या फ्लोअरवर चार वर्षं फ्री की थ्री, फ्री की थ्री करत बसले होते, तिथे ते मला कधी ऐकू येणारच नव्हतं.